खुब्याचं ऑपरेशन: तिसऱ्या दिवशीचा फोटो आणि त्यानंतरचे तीन महिने

मा. संपादक,
नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत खुबा बदलायच्या ऑपरेशनवर पानभर लेख आला होता, सोबत फोटो, एक आजोबा वॉकर धरून हसतायत आणि खाली लिहिलंय ‘तिसऱ्याच दिवशी चालू लागले’. फोटो खोटा नाहीये. मी तर दुसऱ्याच दिवशी सकाळी उभा राहिलो होतो, चार पावलं टाकली, फिजिओवाली मुलगी शाब्बास म्हणाली, बायकोने मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. पण लेख तिथंच संपला ना, तिथून माझी चिडचिड सुरू झाली. चौथ्या दिवसापासून पुढचे तीन महिने काय असतं आणि त्याच्या आधी माणूस ‘करू का नको, करू का नको’ करत वर्षंच्या वर्षं कशी घालवतो याबद्दल एक ओळ नाही. म्हणून लिहितोय. लांबलं तर बिनधास्त काटछाट करा, फक्त मोज्यांचा भाग तेवढा ठेवा.

माझं वय 64, उजवा खुबा बदलून अकरा महिने झाले. डॉक्टर वगैरे नाही, आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळल्या.

दुखायला लागला तो गुडघा. खुबा नाही, गुडघा! आठ महिने मी गुडघ्याला मलम चोळत होतो, गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर, पट्टा गुडघ्याला, एका डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्सरे काढला तो बऱ्यापैकी चांगला निघाला तर म्हणाले वयाप्रमाणे आहे, गोळ्या घ्या. नंतर कळलं की खुब्याच्या सांध्याला जी नस जाते तीच पुढे गुडघ्यालाही जाते, त्यामुळे बिघाड वरती आणि बोंब खालती असा प्रकार नेहमीचा आहे. खुब्याचं खरं दुखणं असतं ते जांघेत. बहुतेक लोक खुबा म्हटलं की कमरेच्या बाजूला नाहीतर मागे कुल्ल्यावर हात ठेवतात, तिथलं दुखणं पुष्कळदा पाठीच्या मणक्यातून आलेलं असतं. जांघेत कळ, गाडीतून उतरताना पाय बाहेर काढताना कळ, मांडी घालताना एक गुडघा वरच राहतो, पायाच्या बोटांपर्यंत हात पोचत नाही, असं असेल तर खुबा तपासून घ्या एवढं तरी त्या लेखात यायला हवं होतं.

आत बिघडतं काय तेही सांगतो, मला स्वतःला हे समजल्यावरच शांत वाटलं. मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा आणि कमरेच्या हाडात वाटी, दोघांवर गुळगुळीत कूर्चेचा थर. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती झिजली की पहिल्यासारखी भरून येत नाही, आणि तिच्यात नसाही नसतात म्हणून झिजत असताना सुरुवातीला पत्ता लागत नाही. कळतं तेव्हा हाडावर हाड घासायला लागलेलं असतं. माझं हे वयाच्या झिजेचं. काही तरुण लोकांमध्ये गोळ्याचा रक्तपुरवठाच बंद पडतो आणि तो आतून खचतो, त्याला एव्हीएन म्हणतात, जास्त दिवस स्टेरॉइड घेतलेल्यांना किंवा दारू फार असणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. ते लवकर सापडलं तर खुबा न बदलताही काही करता येतं, तिथं मात्र चालढकल करू नका. पडून खुब्याचं हाड मोडलं तर तो सगळाच वेगळा प्रकार, तिथं विचार करायला महिने मिळतच नाहीत.

आता माझी चालढकल. चार वर्षं! पहिल्या सर्जनने एक्सरे उजेडासमोर धरला, अर्धा मिनिट बघितला आणि म्हणाले पुढच्या आठवड्यात करून टाकू. माझ्याकडे बघितलंच नाही हो. मी घाबरून जो पळालो तो दोन वर्षं कुठल्याच सर्जनकडे गेलो नाही. मग ओळखीपाळखीच्या लोकांची मतं. एक म्हणतो जितकं लांबवाल तितकं बरं, सांधा पंधरा वर्षंच टिकतो, परत करावं लागलं तर मेलात. दुसरा म्हणतो माझ्या साडूचं झालं, पळतो आता. तिसरा तेल सांगतो.

टिकण्याबद्दल मी नंतर शोधून काढलं. 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आलाय, वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी एकत्र करून काढलेला, त्यात बदललेल्या खुब्यांपैकी साधारण 58 टक्के 25 वर्षं टिकले असं आलं. आणि हिशेबी माणूस म्हणून सांगतो, 25 वर्षं टिकला का हे बघायचं तर तो सांधा 25 वर्षांपूर्वीच बसवलेला लागतो, म्हणजे हा आकडा जुन्या मालाचा आहे. वाटीचं प्लास्टिक त्यानंतर बरंच सुधारलंय. उलट बाजूही सांगायला हवी, नवीन म्हणजे चांगलंच असंही नाही. धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोळा अशी एक फॅशन मध्यंतरी आली होती, त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण निघून रक्तात उतरायला लागले, आजूबाजूचं मांस खराब झालं, 2010 मध्ये एक अख्खं मॉडेल जगभरातून परत मागवावं लागलं. त्यामुळे सर्जनला विचारा की तुम्ही कुठला सांधा बसवणार आणि तो किती वर्षं वापरात आहे. राग आला तर येऊ दे. माझ्या सर्जनला नाही आला, त्यांनी ड्रॉवरमधून नमुनाच काढून हातात दिला. दांडा, गोळा, वाटी, वाटीच्या आत प्लास्टिकचं अस्तर. बस.

थोडं विषय सोडून सांगतो, पण मला हे फार आवडलं. हे आजचं ऑपरेशन ज्यांच्यामुळे जमलं ते इंग्लंडातले सर्जन जॉन चार्न्ली. त्यांनी आधी वाटीला टेफ्लॉन वापरलं, ते काही वर्षांत झिजून त्याचा भुगा झाला आणि पेशंटांना त्रास झाला, सांधे परत काढायला लागले. मग एक विक्रेता कापड गिरणीतल्या यंत्रांच्या गिअरसाठी वापरायचं एक प्लास्टिक घेऊन आला, ते त्यांच्या तंत्रज्ञाने मशीनवर घासून बघितलं तर झिजेना. ते पॉलिएथिलीन. आणि चार्न्ली साहेबांनी काय करावं, दोन्ही प्लास्टिकची पूड स्वतःच्या मांडीत घालून घेतली! टेफ्लॉनच्या गाठी आल्या, दुसऱ्याचं काही झालं नाही. 1962 पासून तेच वापरात आलं, त्याचीच सुधारलेली आवृत्ती आज माझ्या खुब्यात बसलीये. हे वाचल्यावर माझी भीती निम्मी कमी झाली, का ते विचारू नका.

तर मोजे. दुसऱ्या सर्जनकडे शेवटी बायकोने ओढत नेलं. त्यांनी एक्सरे टेबलावर पालथा ठेवला आणि विचारलं, मोजे कोण घालतं? मी म्हणालो मीच. बायको म्हणाली मी. पायाची नखं कोण कापतं? आता मी गप्प. बायको म्हणाली मी, दोन वर्षं झाली. रात्री किती वेळा जाग येते? मी म्हणालो एकदोनदा, तर ही म्हणते चारदा, कुशी बदलताना कण्हतात आणि मग मीही जागी. मग त्यांनी एक कागद दिला, म्हणाले दोन वर्षांपूर्वी जे करत होतात आणि आता करत नाही ते यावर लिहून आणा, नुसतं दुखणं किती ते लिहू नका.

घरी येऊन कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहायला बसलो. मला वाटलं तीनचार गोष्टी होतील. लेसचे बूट सोडले होते, नुसते सरकवायचे घेत होतो आणि वर ‘हे कम्फर्टेबल असतात’ म्हणून सांगत होतो. जिना असेल तिथलं आमंत्रण काहीतरी कारण काढून टाळत होतो. नातीला खाली बसून खेळवणं बंद. रांग दिसली की परत फिरायचो. दुकानात जायचं तर गाडी दारात लागेल असंच दुकान. एकेक करत सव्वीस झाल्या आणि त्यातल्या निम्म्या तर मला सोडल्याच्या कळल्याही नव्हत्या, आपण हळूहळू जगणंच आखडतं घेत जातो आणि म्हणतो मला फारसं दुखत नाही! अरे चाललास कुठे तर दुखेल.

हाच माझा मुद्दा आहे संपादक साहेब. ऑपरेशन कधी, हे वय ठरवत नाही आणि एकटा एक्सरेही ठरवत नाही. एक्सरे भयंकर दिसणारी माणसं मजेत फिरतात. आधी वजन, व्यायाम, काठी, गोळ्या हे सगळं नीट करून बघायचंच, पण गोळ्याही वर्षानुवर्षं घेतल्या तर पोट आणि किडनी हिशेब मागतात. आणि फार लांबवलं तर कुल्ल्याचे स्नायू वाळतात, मग नवा सांधा कितीही चांगला बसवा, हलवणारा दोरच सैल. मी दोन वर्षं आधी केलं असतं तर नंतरचं लंगडणं लवकर गेलं असतं असं मला सर्जननेच स्पष्ट सांगितलं.

काठीवरून आठवलं. वर्षभर मी काठी उजव्या हातात धरत होतो, दुखणारा पाय उजवा म्हणून. नाटकात सिनेमातही सगळे तशीच धरतात. फिजिओने पहिल्याच दिवशी माझ्या हातातून काढून डाव्या हातात दिली. एका पायावर उभं राहताना शरीर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याजवळचे स्नायू जोरात ओढतात आणि म्हणून सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, उलट्या हातातली काठी ती ओढ कमी करते. दहा पावलांत फरक कळला. चार डॉक्टर आणि वर्षभर रस्त्यावरचे हजार लोक, कोणी सांगितलं नव्हतं!

ऑपरेशनचं फार सांगत नाही, कारण सांगण्यासारखं फार नाहीये. आधी दात तपासून घेतले, एक किडलेला होता तो काढला, कारण तोंडातले जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. शुगर आटोक्यात आणायला महिना लावला. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर करतात, मी अर्धवट जागा होतो, हातोड्याचे ठोके ऐकू येत होते, पलंग हलत होता पण दुखत काही नव्हतं, शेजारच्याच्या घरात फर्निचरचं काम चालू असल्यासारखं. ज्याला चार वर्षं घाबरलो ते दीड तासात संपलं.

घरी आलो आणि खरं प्रकरण सुरू झालं. माझं ऑपरेशन मागच्या बाजूने केलेलं, त्यामुळे नियम तीन. खुब्यात 90 अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. गोळा वाटीतून निसटू शकतो म्हणून. पुढून केलं तर नियम वेगळे किंवा कमी असतात, आपल्या सर्जनला विचारायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? आता 90 अंश म्हणजे काय ते बघा. सोफ्यावर बसलात आणि गुडघा खुब्याच्या वर गेला, झाला नियमभंग. घरात धडपणे बसता येईल अशी एकच खुर्ची निघाली. कमोडवर उंच सीट बसवावी लागली, आणि ती ऑपरेशनच्या आधी बसवा, आम्ही नंतर धावपळ केली. हातातून पेन पडलं तर ते पडलेलंच राहतं, तुम्ही त्याच्याकडे बघत बसता. एकदा टीव्हीचा रिमोट पडला आणि मी दीड तास एका शाम्पूच्या जाहिराती असलेली मालिका बघितली कारण बायको बाहेर गेली होती.

झोप हा सगळ्यात मोठा छळ. उताणं झोपायचं, दोन पायांच्या मध्ये उशी, दीड महिना. मी जन्माचा कुशीवर झोपणारा. रात्री दोन वाजता छताकडे बघत पडायचं आणि सकाळी लोक विचारतात काय, मस्त आराम ना? शिवाय दुखण्याच्या स्ट्रॉंग गोळ्यांनी पोट असं बांधलं जातं की पाचव्या दिवशी मला खुब्यापेक्षा तेच दुखत होतं. पहिल्या दिवसापासून त्याचं औषध मागून घ्या, लाजू नका. पाय पोटरीपर्यंत काळानिळा होतो, संध्याकाळी सुजून घोटा दिसेनासा होतो, हे बहुतेकांना होतं. पण पोटरी एकदम दुखायला लागली, टणक झाली, छातीत दुखलं किंवा दम लागला तर ती गुठळी असू शकते, तिथं फोन करून विचारत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. त्यासाठीच रक्त पातळ करायचं औषध मला 35 दिवस दिलं होतं आणि दिवसभर पावलं वरखाली हलवायला सांगितली होती. जखमेतून पाणी येत राहिलं किंवा ताप आला तरी थांबायचं नाही.

आणि ते घट्ट पांढरे मोजे! गुठळी होऊ नये म्हणून मांडीपर्यंत येणारे, टायरच्या ट्यूबसारखे. मी पाय सोडून बसलेला, वाकायला बंदी, आणि बायको जमिनीवर बसून ओढतेय, टाच आली की अडकतो, तिला घाम, मला घाम, मी ओरडलो हळू म्हणून, ती म्हणाली मग तुम्हीच घाला. दोघंही पाच मिनिटं गप्प. मग फिजिओने युक्ती सांगितली, पावलावर आधी प्लास्टिकची पातळ पिशवी घालायची, त्यावरून मोजा सरकवायचा आणि बोटांकडच्या उघड्या भागातून पिशवी ओढून काढायची. सर्रकन गेला. एवढी साधी गोष्ट, आठवडाभर आधी कळली असती तर घरातली चार भांडणं वाचली असती. तुमच्या लेखात बायको कुठेच नाही बघा. फोटोत आजोबा, डॉक्टर आणि वॉकर. त्या दीड महिन्यात माझ्यापेक्षा तिची कंबर जास्त गेली. ज्या घरात माणूस एकटाच आहे त्याने आधीपासून कोणाची तरी सोय करून ठेवल्याशिवाय तारीख घेऊ नये असं मला वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात मी रडलो. काहीच झालं नव्हतं. टाके निघाले होते, जखम छान होती, चहाचा कप हातात घेऊन चालता येत नाही एवढंच कारण, दोन्ही हात वॉकरला. सगळे म्हणतात नशीबवान, किती छान रिकव्हरी, आणि आपल्याला वाटतं आपण उगाच हे करून घेतलं. फिजिओ म्हणाली तिसऱ्या आठवड्यात खूप जण असंच म्हणतात. हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी ते मनाला एवढं लावून घेतलं नसतं.

अजून एक, मला ऑपरेट केलेला पाय लांब झाल्यासारखा वाटायचा. इंचभर तरी! मी सर्जनवर मनातून भडकलो होतो. मोजला तर जवळजवळ सारखा निघाला. चार वर्षं पाय आखडून, कंबर तिरकी करून चाललेलो असतो, स्नायू तसेच घट्ट झालेले असतात, सांधा सरळ झाला तरी कंबर सरळ व्हायला काही महिने लागतात. खरंच फरक पडतो अशाही केसेस असतात, पण लगेच एका बुटात जाड सोल घालायची घाई करू नये म्हणाले. तिसऱ्या महिन्यात ते वाटणं आपोआप गेलं. लंगडणं मात्र टिकून होतं आणि ते दुखण्याचं नव्हतं, सवयीचं होतं. आरशासमोर चालायचं, कडेला टेकून पाय बाजूला उचलायचा, दिवसाला तीन वेळा, भयंकर कंटाळवाणं काम, त्याचा व्हिडिओ कोणी ग्रुपवर टाकत नाही. जिन्याचं एक सूत्र पाठ करा, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. सहाव्या आठवड्यात वॉकर सुटून काठी, दहाव्यात काठी घरी विसरून बाहेर पडलो आणि निम्म्या वाटेत लक्षात आलं. कोणाला चार आठवडे लागतात कोणाला सोळा, दुसऱ्याशी शर्यत लावू नये, मी लावली होती, त्या पायात दोन दिवस ठणका.

आता जांघेतली ती कळ पूर्ण गेलीये, हे मला मान्यच करायला हवं, ती पहिल्याच दिवशी गेली होती, जखमेचं दुखणं वेगळं आणि ते दुखणं वेगळं. कधीकधी हवामान बदललं की मांडीत जडपणा येतो. विमानतळावर मशीन वाजतं. पळत नाही, पळायचं कामही नाही. सव्वीसपैकी एकवीस गोष्टी परत आल्यात, पाच नाही आल्या, त्यातल्या दोन मला तशाही नको होत्या.

चौथ्या महिन्यात सर्जनने वाकायची परवानगी दिली तेव्हा मी पाय स्टुलावर ठेवून, गुडघा बाहेरच्या बाजूला सोडून नखं कापायला बसलो. करंगळीचं फार आत कापलं गेलं, रक्त आलं. बायको दारात उभी राहून बघत होती, म्हणाली द्या इकडे. दिलं नाही.

पुढच्या वेळी या विषयावर लेख छापाल तेव्हा वॉकरवाल्या आजोबांचा फोटो ठेवा हवा तर, पण शेजारी त्या पिशवीने मोजा घालायच्या युक्तीचा एक फोटो टाका. आमच्याकडे ते मोजे अजून आहेत, धुऊन ठेवलेत, लागले तर पाठवतो.

आपला नियमित वाचक,
(नाव छापू नये ही विनंती, ग्रुपवर परत अंगठे येतील)